आर्डिथच्या जुडग्यातली छोटी किल्ली

वेदीवर घालायच्या पांढऱ्या कापडाची अर्धी बाजू इस्त्री करून झाली होती, उरलेली अर्धी ओलसर, सुरकुतलेली, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, तेव्हा फोन वाजला. आर्डिथ क्वालेनं इस्त्री उभी करून ठेवली. एरवी चर्चचं कापड हातात असताना ती फोन घेत नसे. पस्तीस वर्षं ते काम तिच्याकडे होतं आणि त्या तासाभरात एकेका सुरकुतीबरोबर एकेका माणसाचं नाव घेऊन ती प्रार्थना करायची. पण मंगळवारी सकाळी दहाला फोन करणारं माणूस एकच असू शकत होतं, आणि त्याचं नाव तिनं आत्ताच, डाव्या कोपऱ्यावरून इस्त्री फिरवताना घेतलं होतं.

सून बोलत होती, कोरीन. बिलिंग्जहून. बर्फ पडलं का, गुडघा कसा आहे, असं दोन मिनिटं झालं आणि मग तिनं एका दमात सांगून टाकलं की सिग्नाबद्दल, म्हणजे आर्डिथच्या बारा वर्षांच्या नातीबद्दल, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, डेलचं, ठरलं आहे. शिक्षकांच्या संमेलनामुळे गुरुवार-शुक्रवार शाळेला सुट्टी. गुरुवारी सकाळी नऊला बिलिंग्जमधल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे वेळ घेतलेली आहे, तो पोरीचं माप बघून आजीच्या रायफलचा खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता कापून देईल. आर्डिथनं ती घेऊन बुधवारीच यायचं. दुपारी सिग्नानं आजीबरोबर हॉलमला जायला हरकत नाही. शनिवारी हरणाचा हंगाम उघडतो, तेव्हा ती आजीच्या शेतात असेल.

आर्डिथला खुर्ची जवळ ओढून घ्यावी लागली.

"एकच विचारायचंय," कोरीन म्हणाली. "रायफल गाडीत कशी असणार?"

"कुलपात. काडतुसं वेगळी, तीही कुलपात."

"नक्की?"

"नक्की."

मग कोरीन म्हणाली, "बरं. या मग." फोन ठेवल्यावर आर्डिथनं इस्त्रीचं बटण बंद केलं. कापड अर्धंच राहिलं. रविवारपर्यंत वेळ होता.

आर्डिथ सदुसष्ट वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी आयनार क्वालेशी लग्न करून ती आमच्या हॉलमला आली. मोंटानाच्या या कोपऱ्यात गव्हाशिवाय काही पिकत नाही आणि वाऱ्याशिवाय काही फुकट मिळत नाही. बंदूक तिला माहेरीच शिकवलेली. पहिल्या हंगामात तिनं नवऱ्याच्या आधी हरीण पाडलं, आणि आयनारनं ते चाळीस वर्षं गावभर स्वतःच सांगितलं, दर वेळी हरणाची शिंगं जरा वाढवून. ब्रेड भाजावा, कापड धुवावं, मयताच्या घरी बटाट्याचं भांडं पोचवावं, तसंच ऑक्टोबर आला की शीतपेटीत मांस भरावं, हे तिच्या आयुष्याचं साधं गणित होतं. तीन वसंतांपूर्वी आयनार गेला. तेव्हापासून रायफल कपाटात होती, तेल लावून, फ्लॅनेलच्या जुन्या परकरात गुंडाळलेली.

पण सिग्नाचं आजीच्या गाडीत बसणं बंद होऊन तीन नाही, सात वर्षं झाली होती.

तेव्हा सिग्ना पाच वर्षांची होती. डेल आणि कोरीन हंगामासाठी हॉलमला आले होते. रविवारची उपासना आटपून सगळे कॉफी प्यायला निघाले, वारा बोचरा होता, पोरगी पेंगुळली होती. आयनारचा पिकअप ट्रक दारातच उभा. पिकअपच्या मागच्या काचेवर दोन आकड्यांत रायफल आडवी टांगलेली, जशी हॉलममधल्या प्रत्येक पिकअपला तेव्हा असायची. आर्डिथनंच सिग्नाला उचलून आत बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. "बस इथं, दोन मिनिटांत आले." हॉलममध्ये कॉफीची दोन मिनिटं कधी दोन मिनिटांत संपलेली नाहीत. कोरीन उठून बघायला गेली तेव्हा पोरगी सीटवर गुडघे टेकून बसली होती. रायफल आकड्यांतून निघालेली, दस्ता खाली, नळी वर, आणि पोरगी एक डोळा मिटून नळीत बघत होती.

"आत अंधार आहे," ती आईला म्हणाली.

कोरीन ओरडली नाही. तिनं रायफल बाजूला केली, पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिली. आयनार बाहेर आला, त्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "अगं, रिकामी आहे ती." मग कुणीतरी वाऱ्याचा विषय काढला. आमच्याकडे अशा वेळी वाऱ्याचा विषय निघतो. दुपारी ते बिलिंग्जला परतले. त्यानंतर कोरीननं कधी भांडण केलं नाही. नाताळला घरी भाजलेला ॲपल पाय आणायची, आयनारच्या वाढदिवसाला स्वेटर पाठवायची. पण सिग्ना आजी-आजोबांच्या गाडीत पुन्हा बसली नाही. तिला कुठं न्यायचं झालं की कोरीन स्वतःची गाडी काढायची, आणि का ते कुणी विचारायचं नाही.

हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांनाच माहीत होतं ते वेगळं. त्या संध्याकाळी आयनारनं स्वयंपाकघरात रायफलचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, मागं ओढला आणि एक काडतूस लिनोलियमच्या फरशीवर पडलं, गडगडत चुलीखाली गेलं. आर्डिथ बटाटे सोलत होती. आयनारनं वाकून ते काढलं, बराच वेळ तळहातावर धरलं आणि खळ्याकडे निघून गेला. पिकअपचे ते दोन आकडे त्यानं त्याच आठवड्यात काढून टाकले. काडतूस आर्डिथला पुढे बटणांच्या डब्यात सापडलं. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, त्याला बोलायला दम लागत असताना तो म्हणाला होता, "ते काडतूस. डेलला, कोरीनला..." आणि आर्डिथनं त्याचा हात थोपटून म्हटलं होतं, "असू दे आता." तिला वाटलं आपण त्याला दिलासा देतोय. तीन वर्षं तिला त्या तीन शब्दांनी झोप दिली नव्हती.

तर मंगळवारी दुपारी आर्डिथ लाइलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिनं कुलूपवाली बंदुकीची पेटी मागितली, कडक, फोमचं अस्तर असलेली. लाइलनं चष्मा वर केला. हॉलममध्ये कुलूप विकायची वेळ त्याच्यावर वर्षातून दोनदा यायची, तीही धान्याच्या कोठारासाठी. कुणापासून लपवतेस, माझ्यापासून का, असं त्यानं विचारलं. आर्डिथ म्हणाली, तुझ्यापासूनच, तुझा नेम बघितलाय मी. काडतुसांसाठी तिनं एक छोटी पत्र्याची पेटीही घेतली, वेगळ्या कुलपाची.

बुधवारी पहाटे उठून तिनं सगळं नीट केलं. काडतूस बसतं ती रायफलची खोबण उघडून बघितली, बोट घालून बघितली, उजेडाकडे धरून पुन्हा बघितली. बोल्ट काढून घेतला. तो नसला की रायफल म्हणजे नुसती लोखंडी नळी. तो तिनं आयनारच्या हातरुमालात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. रायफल पेटीत, पेटीला कुलूप. काडतुसं दुसऱ्या पेटीत, तिलाही कुलूप. पिकअप तिनं घेतलाच नाही, त्यात सगळंच डोळ्यांसमोर. तिनं जुनी ब्यूक काढली, जिला चांगली खोल डिकी होती. दोन्ही पेट्या डिकीत दोन टोकांना, मध्ये घोंगडी, डिकी बंद. राहिल्या दोन छोट्या किल्ल्या. एवढ्याएवढ्याशा किल्ल्या कुठंतरी हरवतील म्हणून तिनं त्या गाडीच्या जुडग्यातच अडकवल्या. आणि तिथंच ती चुकली, पण तिला ते कळायला वाटेत ओल्सबी गाव यावं लागलं.

त्याचं असं आहे की आमच्याकडे गाडीची किल्ली गाडीतच राहते. धान्याचा ट्रक वळवायचा असतो, बर्फ काढणारं यंत्र येतं, कुणाची गाय रस्त्यावर येते आणि जवळ जी गाडी असेल ती घेऊन पळावं लागतं. किल्ली काढून खिशात घालणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं. आयनारच्या दफनाच्या दिवशी आर्डिथची ब्यूक तिघांनी तीनदा हलवली आणि शेवटी कुणीतरी तेलही भरून आणलं. ती पन्नास वर्षांची सवय होती, हाताला लागलेली, डोक्याला न विचारता होणारी.

आर्डिथला हे माहीत होतं म्हणून ती सावध होती. वाटेत पेट्रोल भरताना तिनं किल्ली काढली, दारं लावली, पैसे देऊन आली तेव्हा स्वतःवर इतकी खूश होती की तिनं दार एकदा ओढूनही बघितलं. कॉफीसाठी ती कुठं थांबली नाही, घरचं सँडविच गाडीतच खाल्लं. पण अर्ध्या वाटेवर ओल्सबी लागतं, आणि ओल्सबीच्या चर्चमध्ये शरदातल्या विक्रीसाठी लेफ्सा द्यायच्या होत्या, तिच्या हातच्या चार डझन, बटाट्याच्या पातळ पोळ्या, ज्यांची तिथल्या बायका वर्षभर वाट बघतात. चर्चच्या आवारात खडी, पांढरी भिंत, तोच घंटेचा मनोरा, अगदी हॉलमसारखा. तिनं गाडी लावली, डबे उचलले आणि आत गेली.

पाच मिनिटांचं काम. पण आत कॉफी होती. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी सिग्नाचं विचारलं, आणि नातीचं विचारल्यावर कुठली आजी पाच मिनिटांत उठते? पहिला हंगाम आहे पोरीचा, दस्ता कापून घ्यायला निघालेय, असं सगळं सांगून झालं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली.

गाडी जागेवर नव्हती.

तिनं खिसा चाचपला. रिकामा. पर्स उघडली. रुमाल होता, रुमालात बोल्ट होता, किल्ली नव्हती. तेव्हा तिच्या हातानं तिला आठवण करून दिली की गाडी बंद केल्यावर त्यानं किल्ली काढलीच नव्हती. ती पायरीवर बसली, आणि बसल्या बसल्या तिला पाच वर्षांची सिग्ना दिसली, एक डोळा मिटलेली.

कोपऱ्यावरून पामर लुंडे आला. ऐंशी पार केलेला, चर्चची डागडुजी बघणारा, कानात यंत्र असूनही जगाशी ओरडून बोलणारा माणूस.

"गॅसवाला आला होता चर्चची टाकी भरायला," तो म्हणाला. "तुझी ब्यूक बरोबर आडवी. मागं नेऊन लावली."

"मागं कुठं?"

"बालवाडीच्या अंगणाशी. आणि डिकीत तुझ्यासाठी भोपळा घातलाय. बायको म्हणाली आर्डिथला मोठा दे. मोठा म्हणजे केवढा, ती पेटी आड येत होती. काढून मागच्या सीटवर ठेवली. चांगली पेटी आहे. हरणाला निघालीस?"

आर्डिथ उठून चालायला लागली होती. "पामर, किल्ली कुठे आहे?"

"गाडीत. आणखी कुठं असणार? हीटर चालू ठेवलाय. इस्टरला म्हणत होतीस ना थंडीत पाठ धरते."

ब्यूक कुंपणाला लागून उभी होती, इंजिन मऊ आवाजात चालू. मागच्या सीटवर पेटी आडवी, काळीभोर, दुरूनही दिसेल अशी. जुडगं किल्लीच्या जागी लटकत होतं, आणि त्यात त्या दोन छोट्या किल्ल्या थरथरत होत्या. वीस पावलांवर झोपाळ्यांवर पोरं खेळत होती. त्यातली एक, लाल टोपीची, कुंपणातून येऊन मागच्या काचेला नाक लावून उभी होती. काचेवर तिच्या श्वासाचं गोल धुकं झालं होतं.

"आत गिटार आहे?" तिनं विचारलं.

"नाही, बाळा," आर्डिथ म्हणाली. "गिटार नाही. जा तू, बाई शोधत असतील."

पोरगी पळाली. पामर म्हणाला, तुझा चेहरा असा का झालाय, एक ओरखडा नाही गाडीला. आर्डिथनं त्याचा दंड धरला आणि म्हणाली, तुझं काही चुकलं नाही. ते खरंच होतं. तिनं भोपळा काढून पुढच्या सीटवर ठेवला, पेटी डिकीत ठेवली, डिकी बंद केली, छोट्या किल्ल्या जुडग्यातून काढून रुमालात बोल्टशेजारी बांधल्या. आणि निघाली.

पुढचे अडीच तास तिनं स्वतःशी वाद घातला. काय झालं असं? काही नाही. पेटी कुलपात होती. किल्ली मिळाली असती तरी बोल्ट पर्समध्ये होता, पर्स मांडीवर होती. काडतुसं दुसऱ्या कुलपात. त्या रायफलनं कुणाला काही होणं शक्यच नव्हतं. कोरीनला सांगून मिळणार काय? पोरीचा हंगाम जाईल. एक वर्ष नाही, कायमचा. सात वर्षांनी उघडलेलं दार एका भोपळ्यापायी बंद होईल. न सांगण्यानं कुणाचं काय बिघडतं? रिकामी तर होती.

हे शेवटचे शब्द मनात आले आणि ते तिच्या आवाजात नव्हते. आयनारच्या आवाजात होते, त्याच्या त्या जरा हसऱ्या, जरा घाबरलेल्या स्वरात. आर्डिथनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कापलेल्या गव्हाच्या शेतावरून वारा सरळ येत होता, गाडी हलत होती. तिला प्रार्थना करायची होती आणि काय मागावं ते सुचेना, म्हणून लहानपणी पाठ केलेलीच म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. मग ती निघाली. तिला आता कळलं होतं की तिला एक गोष्ट सांगायची नाही. दोन सांगायच्या आहेत.

बिलिंग्जला सिग्ना दारातच होती, उंचीनं आईच्या खांद्याला लागलेली, शिकारीच्या सुरक्षा-वर्गाचं प्रमाणपत्र हातात. तिनं आजीला मिठी मारली आणि दुसऱ्या श्वासाला विचारलं की नळी कायम कुठल्या दिशेला ठेवायची ते विचार. आर्डिथनं विचारलं. उत्तर बरोबर आलं. कोरीन भोपळा बघून म्हणाली, हा कापायला डेलची करवत लागेल. डेल रिफायनरीत दुपारपाळीला गेला होता. तिघींनी सूप आणि ब्रेड खाल्ला. प्रवास कसा झाला म्हणून कोरीननं विचारलं आणि आर्डिथ म्हणाली, बरा झाला. मग सिग्ना बॅग भरायला वर गेली, कोरीन बशा धुवायला उभी राहिली, आर्डिथनं पुसायला फडकं घेतलं.

"बरा नाही झाला," ती म्हणाली.

तिनं ओल्सबीचं सगळं सांगितलं. गॅसवाला, भोपळा, मागची सीट, चालू इंजिन, लाल टोपी. बोल्ट पर्समध्ये होता हेही सांगितलं, आणि लगेच म्हणाली की ते मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. कोरीन पाठमोरीच होती. ती एकच बशी धूत राहिली.

"अजून आहे," आर्डिथ म्हणाली. "तेव्हाची ती रिकामी नव्हती, कोरीन. संध्याकाळी आयनारनं बोल्ट ओढला तर एक बाहेर पडलं. माझ्यासमोर. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. त्याला शेवटी सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. आणि पोरीला त्या गाडीत मी बसवलं होतं, त्यानं नाही."

नळ चालू होता. कोरीननं तो बंद केला, हात पुसले, आणि टेबलाशी बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. आर्डिथला वाटलं आता ती सांगेल की सकाळी एकट्याच परत जा. तिनं त्याची तयारी केली होती, अगदी सकाळी कुठल्या वाटेनं जायचं इथपर्यंत.

"सात वर्षं," कोरीन म्हणाली. "सात वर्षं मी स्वतःला सांगतेय की मी उगाच करते. डेल म्हणतो उगाच करतेस. माझी आई म्हणते, म्हाताऱ्यांना किती दुखवायचं. मला रात्री जाग यायची आणि वाटायचं, रिकामी तर होती, मी एवढी कशी कडू." तिनं मान वर केली. "तुम्हाला कळतंय का तुम्ही माझ्याकडून काय घेतलं होतं ते?"

"आता कळतंय."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

"उद्या पण असणार आहे."

"असू दे. मी परवा पण इथंच आहे. म्हणजे, फोनवर आहे. तू म्हणशील तेव्हा."

कोरीन कपाळाला हात लावून बसली. वर सिग्नाच्या पावलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, कपाट उघडल्याचा, पुन्हा बंद केल्याचा. मोजे किती घ्यायचे ते ठरत नसावं. कोरीन उठली.

"मला दाखवा," ती म्हणाली. "सगळं. पहिल्यापासून."

तिनं जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. आर्डिथनं दोन्ही पेट्या आणून टेबलावर ठेवल्या, रुमाल सोडला. काडतुसाची खोबण कशी उघडून बघायची, बोट का घालायचं, नुसतं डोळ्यांनी बघून का भागत नाही, बोल्ट कसा निघतो, तो वेगळा का ठेवायचा, काडतुसं कुठं. कोरीननं स्वतः बोट घातलं, स्वतः बोल्ट काढला, दुसऱ्या वेळेस न बघता काढला. रायफल पेटीत ठेवून तिनंच कुलूप लावलं आणि दोन छोट्या किल्ल्या हातात घेऊन उभी राहिली.

"या रुमालात नाही राहणार," ती म्हणाली. "रुमाल तुम्ही कुठंतरी नाक पुसायला काढाल."

"मग?"

कोरीन तिच्या गळ्याकडे बघत होती. आर्डिथच्या गळ्यात चौदाव्या वर्षापासून एक बारीक चांदीची साखळी होती, तिला क्रॉस. आंघोळीला, बाळंतपणात, शस्त्रक्रियेला सुद्धा ती निघाली नव्हती. डॉक्टरांनी चिकटपट्टी लावून घेतली होती.

"हे कधी विसरलात कुठं?"

"कधीच नाही."

कोरीननं साखळीची कडी सोडली आणि दोन्ही किल्ल्या तिच्यात ओवल्या. कडी परत लावताना तिची थंडगार ओली बोटं आर्डिथच्या मानेला लागली.

"देवाला चालेल ना?" ती म्हणाली.

"त्याला विचारून सांगते. पण त्यानं आजवर माझ्याकडून याहून जड काही काही वागवून घेतलंय."

कोरीन हसली नाही, पण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिनं अटी सांगितल्या, बोटांवर. प्रत्येक थांब्यावर गाडीची किल्ली हातात घेऊनच दार उघडायचं, आणि सिग्ना ते विचारणार. पोरीला विचारायला शिकवलंय वर्गात, तर विचारू दे, चिडायचं नाही. चर्चमध्ये थांबायचं नाही. पोचल्यावर रायफल कपाटात नाही, याच पेटीत, कुलपात. आणि पोचल्यावर फोन.

"आणि कुणी भोपळा दिला तर घ्यायचा नाही," ती म्हणाली.

"पामरला वाईट वाटेल."

"वाटू दे."

सिग्नाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, दोघींनी मिळून, पायरीवर बसून. पाच वर्षांची असतानाचं. तिला ते अर्धवट आठवत होतं, अंधार आठवत होता. ऐकून ती म्हणाली की वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः बघायचं. आजोबांना कुणी वर्ग दिला नव्हता का? आर्डिथ म्हणाली, त्यांच्या वेळी वर्ग नव्हता, बाप होता, आणि बापालाही कुणी शिकवलं नव्हतं. सिग्नाला ते पटलं नसावं, पण तिनं आजीच्या गळ्यातल्या किल्ल्या मोजल्या. दोन.

सकाळी बॅग दाराशी तयार होती, सहा जोडी मोजे घालून फुगलेली. कोरीननं कामावर फोन करून दोन तास उशिरा येते म्हणून सांगितलं होतं आणि कोट घातला होता. ती काल इतकंच म्हणाली होती की राग आहे, बरोबर येणार नाही असं म्हणाली नव्हती. रात्रीतून थोडं बर्फ पडलं होतं. ब्यूकची काच सिग्नानं खरवडली. आर्डिथनं दार उघडलं, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "आजी, किल्ली?"

आर्डिथनं हात वर करून दाखवला. सात वर्षांनी तिच्या गाडीत मागं सिग्ना बसली होती. उरलेलं अर्धं कापड शुक्रवारी दोघी मिळून इस्त्री करतील, एक कोपरा सिग्नाला धरायला लावता येईल, असं तिच्या मनात आलं. पण ते नंतर. आधी नऊ वाजता बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे पोचायचं होतं, रायफलचा दस्ता इंचभर कापून घ्यायला.